सामाजिक कामासाठी हॅकेथॉन कसे भरवावे

हॅकेथॉन म्हणजे प्रोग्रॅमर आणि इतरांनी एक-दोन दिवस एकत्र बसून एखाद्या समस्येवर संगणकीय साधन तयार करण्याचा कार्यक्रम. नोव्हेंबर २००९ मध्ये अमेरिकेतील माउंटन व्ह्यू येथे ‘रँडम हॅक्स ऑफ काइंडनेस’ या उपक्रमाचे पहिले हॅकेथॉन झाले. एरवी एकमेकींशी चढाओढ करणाऱ्या गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू या कंपन्या नासा व जागतिक बँकेसह त्यामागे उभ्या होत्या. आपत्तीत सापडलेल्या माणसाला आपण सुखरूप असल्याचे घरच्यांना कळवता यावे म्हणून तेथे तयार झालेले ‘आय अ‍ॅम ओके’ हे साधन जानेवारी २०१० च्या हैतीमधील भूकंपानंतर प्रत्यक्ष वापरले गेले. असे यश क्वचित मिळते. अनेक हॅकेथॉनमधील प्रकल्प बक्षीस समारंभानंतर कोणी उघडूनही पाहत नाही, आणि त्यात दोष प्रोग्रॅमरांच्या कौशल्याचा नसतो. समस्या परस्पर ठरवलेली असते आणि कार्यक्रम संपल्यावर कामाला कोणी वाली उरत नाही. म्हणून महाविद्यालयाने, कंपनीतील स्वयंसेवक गटाने किंवा एखाद्या मंडळाने असे हॅकेथॉन भरवायचे ठरवले, तर सर्वाधिक वेळ आधीच्या तयारीला आणि नंतरच्या पाठपुराव्याला द्यावा.

आधी संस्था, मग तारीख

सभागृह आरक्षित करण्यापूर्वी, ते काम रोज करणारी संस्था शोधावी. रक्तपेढी, जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन कक्ष, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृह चालवणारी संस्था, असे कोणीही चालेल. तेथे किमान एक दिवस बसून काम कसे चालते ते पाहावे. ‘तुम्हाला कोणते अ‍ॅप हवे?’ असे न विचारता ‘आज हे काम कसे करता? ते रजिस्टर दाखवाल का?’ असे विचारावे. पुष्कळदा साधी एक्सेलची फाइल नीट आखून दिली तरी अडचण सुटते. तसे असेल तर ती तेवढ्यावरच सोडवून द्यावी आणि हॅकेथॉनसाठी दुसरा विषय निवडावा.

समस्या एका परिच्छेदात लिहिणे

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘पूरग्रस्तांना मदत’ हा विषय झाला, समस्या नव्हे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील लाखो लोकांना घरे सोडावी लागली होती. अशा वेळी एकाच कुटुंबातील माणसे वेगवेगळ्या निवारा केंद्रांत पोहोचू शकतात. तेव्हा समस्या अशी लिहावी: ‘दहा शाळांमधील निवारा केंद्रांत हाताने लिहिलेल्या याद्यांतून एका व्यक्तीचा शोध पाच मिनिटांत लागला पाहिजे.’

एवढे लिहिले की खऱ्या अडचणी दिसू लागतात. एका शाळेतील यादी देवनागरीत असते, दुसऱ्या शाळेतील इंग्रजीत, आणि ‘ज्ञानेश्वर’ हे नाव इंग्रजीत डी, जी किंवा जे यांपैकी कोणत्याही अक्षराने सुरू झालेले आढळते. म्हातारी आई विवाहित मुलीचे नाव माहेरच्या आडनावाने सांगते, तर यादीत ती सासरच्या आडनावाने असते. ‘वडगाव’ एवढेच लिहिले असेल, तर कोणत्या तालुक्यातील वडगाव, हा प्रश्न उरतोच. वय बहुधा अंदाजाने लिहिलेले असते. या गोष्टी चांगल्या प्रोग्रॅमरलाही आपोआप सुचत नाहीत, परंतु यादी लिहिणाऱ्या शिक्षकांना त्या पाठ असतात. त्यामुळे अशा एका तरी व्यक्तीने दोन्ही दिवस संघांबरोबर बसावे, यासाठी तिचा प्रवासखर्च, जेवण आणि बुडणारी मजुरी किंवा रजा यांची तरतूद आयोजकांनी करावी.

जुने काय उपलब्ध आहे, हेही याच टप्प्यावर पाहावे. २००५ मध्ये कतरिना चक्रीवादळानंतर बेपत्ता व्यक्तींच्या याद्या अनेक ठिकाणी विखुरल्या गेल्या, तेव्हा त्या एकत्र करता याव्यात म्हणून स्वयंसेवकांनी माहितीचा एक समान आराखडा तयार केला, आणि पुढे गूगलच्या ‘पर्सन फाइंडर’ने तोच वापरला. श्रीलंकेत २००४ च्या त्सुनामीनंतर स्वयंसेवकांनी उभी केलेली ‘सहाना’ ही प्रणाली मुक्त स्रोताची आहे, म्हणजे तिची संहिता (प्रोग्रॅमचा कोड) कोणालाही घेऊन बदलता येते. केरळमध्ये २०१८ च्या पुरात स्वयंसेवक आणि राज्याचे माहिती तंत्रज्ञान मिशन यांनी मिळून चालवलेल्या ‘केरळ रेस्क्यू’ संकेतस्थळाची संहिताही खुली होती. आहे त्यात मराठीची सोय करणे हे नवे अ‍ॅप लिहिण्यापेक्षा बरेचदा अधिक उपयोगाचे ठरते.

माहितीची काळजी

संस्थेची खरी यादी हॅकेथॉनमध्ये कधीही आणू नये. नावे, दूरध्वनी क्रमांक आणि आजार यांची काल्पनिक नमुना माहिती आयोजकांनी आधी तयार करावी, मात्र तिच्यात वर सांगितलेल्या सगळ्या चुका मुद्दाम ठेवाव्यात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा भारताने २०२३ मध्ये केला आहे. पण कायदा नसता तरी, हिंसाचारातून सुटून आलेल्या स्त्रीचा पत्ता अनोळखी लॅपटॉपवर जाता कामा नये.

ते दोन दिवस

चार ते सहा जणांचा संघ पुरेसा होतो. त्यात प्रोग्रॅमरांबरोबर आराखडा करणारा एक आणि नीट मराठी लिहिणारा एक असावा. पहिले दोन तास संगणक बंद ठेवून साधनाचे सगळे पडदे (स्क्रीन) कागदावर काढावेत आणि क्षेत्रातून आलेल्या व्यक्तीला दाखवावेत. पहिल्या दिवशी संध्याकाळी तेच काम जुन्या, स्वस्त अँड्रॉइड फोनवर इंटरनेट बंद करून चालवून पाहावे, कारण पुरात वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात. रात्रभर जागण्याची प्रथा मोडावी. थकलेल्या माणसाकडून झालेली चूक पुढे संस्थेला निस्तरावी लागते.

परीक्षकांमध्ये संस्थेच्या कार्यकर्त्याच्या मताला सर्वाधिक वजन द्यावे. रोख बक्षिसापेक्षा तीच रक्कम निवडलेल्या प्रकल्पाच्या सर्व्हरखर्चासाठी राखून ठेवणे मला अधिक योग्य वाटते.

कार्यक्रमानंतर

संहिता मुक्त परवान्याखाली सार्वजनिक करावी आणि वापराची सूचनापत्रिका मराठीत लिहावी. डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता), सर्व्हर आणि ईमेल यांची खाती विद्यार्थ्याच्या नावावर न ठेवता संस्थेच्या नावावर उघडावीत. विद्यार्थी पदवी घेऊन निघून गेला की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. पुढील तीन महिने दुरुस्तीची जबाबदारी घेणाऱ्या दोघांची नावे समारोपाच्या दिवशीच लेखी ठरवावीत. महिन्याभराने संस्थेत जाऊन, काही न बोलता, कार्यकर्ते ते साधन कसे वापरतात ते पाहावे. ते पुन्हा वहीकडे वळले असतील, तर नेमक्या कोणत्या पडद्यावर वळले याची नोंद घेऊन तेवढाच भाग सुधारावा. वापर थांबवायचे ठरले, तर साठवलेली माहिती पुसून सर्व्हर बंद करणे हेही आयोजकांचेच काम आहे, आणि ते झाल्याचे संस्थेला लेखी कळवावे.