नवी माउंटन बाइक जोडून झाली? करवत आधी बाजूला ठेवा

फ्रेम, फोर्क, चाकं, ब्रेक असं एकेक निवडून मनासारखी बाइक जोडली की पहिल्याच दिवशी ती 'फायनल' करायची घाई होते. बहुतेक चुका तिथेच होतात. स्क्रू फिरवून केलेला बदल परत फिरवता येतो, कापलेली नळी परत जोडता येत नाही. नवशिके मात्र नेमकी कापाकापी आधी उरकतात आणि सेटिंग मागे ठेवतात.

फोर्कची नळी पहिल्या दिवशी कापणं

स्टेमच्या (हँडल फोर्कच्या नळीला पकडून ठेवणारा भाग) वर स्पेसरचा (नळीवर चढवलेल्या कड्यांचा) मनोरा बरा दिसत नाही, म्हणून नळी उडवली जाते. दोन आठवड्यांनी मनगटं दुखायला लागतात, हँडल 15 मिमी वर हवं होतं हे कळतं, पण वर न्यायला नळीच उरलेली नसते. बहुतेक सस्पेन्शन फोर्कमध्ये ही नळी क्राउनमध्ये, म्हणजे फोर्कचे दोन पाय जोडणाऱ्या वरच्या भागात, दाबून बसवलेली असते, त्यामुळे नुसती नळी बदलून भागत नाही. वरचा सगळा जोड बदलावा लागतो. दिसण्यासाठी मोजलेली ही किंमत मला तरी वेडेपणाची वाटते.

स्टेमच्या वर 20 ते 30 मिमी स्पेसर राहू द्या आणि निदान महिनाभर चालवा. स्टेम खाली-वर करून बघा. नळी कार्बनची असेल तर स्टेमच्या वर-खाली किती स्पेसर चालतात ते फोर्कच्या पत्रकात आधी वाचा. जागा ठरली की मगच कापा. नळीचं टोक सगळ्यात वरच्या स्पेसरच्या कडेपेक्षा 2 ते 3 मिमी खाली राहायला हवं. ते कडेशी आलं तर टॉप कॅप (वरचं झाकण) नळीवरच टेकते, हेडसेटवर (फोर्क ज्यावर वळतो त्या बेअरिंगवर) दाब येत नाही आणि कितीही आवळलं तरी खुळखुळ जात नाही.

याच जागी दुसरी चूक होते: स्टेमचे बाजूचे बोल्ट आधी आवळायचे आणि मग टॉप कॅप पिळत बसायचं. टॉप कॅपचं काम फक्त बेअरिंगमधला प्ले, म्हणजे सैलपणा, काढणं. फोर्क धरून ठेवतो तो स्टेम. बाजूचे बोल्ट सैल, टॉप कॅप हलक्या हाताने, हँडल चाकाशी सरळ, आणि मग बाजूचे बोल्ट आलटून पालटून स्टेमवर लिहिलेल्या टॉर्कला, बहुधा 5 ते 6 न्यूटन-मीटर. पुढचा ब्रेक दाबून बाइक पुढे-मागे हलवा आणि हेडसेटच्या फटीवर बोट ठेवा. बोटाला हालचाल लागली तर अजून सैल आहे. पुढचं चाक उचलल्यावर हँडल आपसूक बाजूला पडत नसेल तर जास्त आवळलंय.

चेन चुकीच्या स्थितीत मोजणं

मागे शॉक असलेल्या बाइकवर ही सगळ्यात महागात पडणारी चूक. स्टँडवर बाइक टांगलेली, शॉक हवेने ताठ, चेन मागच्या सगळ्यात मोठ्या दातेरी चक्रावरून मोजून कापलेली, सगळे गिअर लोण्यासारखे पडतात. पण बहुतेक फ्रेममध्ये सस्पेन्शन दबलं की मागचा ॲक्सल पॅडलच्या मधल्या बेअरिंगपासून लांब जातो. चढ संपतो, चेन मोठ्या चक्रावरच असते, पलीकडे खोल खड्डा येतो आणि शॉक तळाला जातो. चेनला द्यायला लांबी उरत नाही. डिरेलर (मागचे गिअर बदलणारा भाग) पुढे खेचला जातो, त्याला फ्रेमशी जोडणारा हँगर मोडतो आणि डिरेलरचा पिंजरा चाकाच्या तारांत जातो. पहिल्याच राइडला हँगर, डिरेलर आणि दोन-चार तारा, सगळं एकदम.

शॉकची हवा पूर्ण सोडा (स्प्रिंगचा शॉक असेल तर स्प्रिंग काढा) आणि मागचं चाक हाताने वर-खाली करून ॲक्सल कुठे सगळ्यात लांब जातो ते शोधा. त्याच जागी धरून चेन मोजा. किती कड्या जास्त ठेवायच्या ते डिरेलरचं पत्रक सांगेल, पण मोजमाप या स्थितीतलंच. हवा सोडलेलीच आहे तर टायर फ्रेमला लागत नाही ना, ब्रेकची नळी ताणली जात नाही ना, आणि सीट पूर्ण खाली असताना टायर तिला घासत नाही ना, हेही पाहून घ्या.

सॅग अंदाजाने ठेवणं

सॅग म्हणजे तुमच्या वजनाने सस्पेन्शन किती दबतं ते. हाताने दाबून 'मऊ वाटतंय' म्हणणं म्हणजे सॅग नव्हे. हेल्मेट, पाठीवरची बॅग, पाण्यासकट रोजचं सामान घालून, कॉम्प्रेशन (दबण्याला होणारा विरोध) पूर्ण मोकळं ठेवून, पॅडलवर उभं राहून मोजा. ट्रेल बाइकला मागे साधारण 30 टक्के: 55 मिमी स्ट्रोकच्या (एकूण इतका दबणाऱ्या) शॉकवर दांड्यावरची रबरी रिंग 16 ते 17 मिमी सरकली पाहिजे. पुढे 20 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे 140 मिमीच्या फोर्कवर 28 मिमी. हवा भरताना दर 50 पीएसआयला थांबून शॉक हळूहळू दहा वेळा दाबा, नाहीतर आतल्या दोन कक्षांतला दाब सारखा होत नाही आणि मोजलेला सॅग खोटा निघतो. पंप काढताना येणारी फुस्स ही पंपाच्या नळीतली हवा असते. पंप परत लावल्यावर काटा कमी दाखवतो, कारण शॉकमधली थोडी हवा त्या नळीत गेलेली असते. एवढ्यावरून शॉक गळतोय असं ठरवू नका.

थोडक्यात सांगण्यासारख्या

हँडल लांब वाटतं म्हणून सीट पुढे सरकवू नका. सीटची जागा पायांसाठी. हातांसाठी स्टेम बदला.

हँडल रुंद वाटतंय? आधी ग्रिप आणि लिव्हर आत सरकवून आठवडाभर चालवा. कापायचंच ठरलं तर दोन्ही बाजूंनी 5-5 मिमी, एका वेळी एवढंच.

ब्रेक लिव्हर ग्रिपला चिकटवू नका. तर्जनी लिव्हरच्या टोकाच्या वळणावर यायला हवी, म्हणजे एका बोटात काम होतं. क्लँप इतकाच आवळा की पडल्यावर लिव्हर फिरेल, मोडणार नाही.

नवे पॅड बसवून थेट उतारावर जाऊ नका. सपाटीवर मध्यम वेगातून वीस वेळा, मग जरा जास्त वेगातून दहा वेळा वेग कमी करा. चाक लॉक करायचं नाही, पूर्ण थांबायचंही नाही. डिस्कला बोट लावायचं नाही, चेनचं तेल स्प्रेने मारायचं नाही.

कार्बन सीटपोस्टला ग्रीस नको, कार्बन पेस्ट लावा. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात.

ट्यूबलेस टायर रिमवर बसवताना भरलेला दाब तसाच ठेवून राइडला जाणारे दर मोसमात भेटतात. 2.4 इंची टायरला 22 ते 26 पीएसआयपासून सुरुवात करा.

पहिल्या दोन राइडनंतर स्टेम, क्रँक, डिस्क आणि शॉकचे बोल्ट टॉर्क पान्याने परत तपासा. नव्या चाकांच्या तारा टिक-टिक वाजत बसतात, त्यांचा ताणही तेव्हाच पाहून घ्या. सेटिंग बदलताना एका राइडला एकच बदल करा आणि जुना आकडा लिहून ठेवा. दाब आणि रिबाउंड (दबलेलं सस्पेन्शन परत येण्याचा वेग) एकदम बदलले की फरक कशाने पडला ते कुणालाच सांगता येत नाही.