नॅशनल पार्कात जाताय? बिबट्याचा नाद सोडा, कान्हेरीचं पाणी बघा

दर पावसाळ्यात कोणीतरी विचारतंच, बोरिवलीच्या नॅशनल पार्कात एका दिवसात काय बघायचं? माझं उत्तर गेली काही वर्षं ठरलेलं आहे. सफारी आणि बोटिंग लहान मुलं बरोबर असतील तर करा, नाहीतर सरळ आतल्या डोंगरावरची कान्हेरीची बौद्ध लेणी गाठा, आणि तिथे मूर्ती बघून फोटो काढून लगेच खाली येऊ नका, पाणी कुठून येतं कुठे जातं ते बघा. म्हणजे हे जंगल इथे अजून का टिकलंय ते आपोआप कळतं.

आधी जायचं कसं. बोरिवली स्टेशनला ईस्टला उतरायचं, गेट चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे, रिक्षाची गरज नाही. सोमवारी जाऊ नका, पार्क बंद असतं (मी गेलोय, डबा घेऊन, चार जणांना घेऊन, शेवटी डबा स्टेशनच्या बाकड्यावर खाल्ला). गेटवर पार्काचं तिकीट आणि वर लेण्यांचं तिकीट वेगळं, कारण लेणी पुरातत्त्व खात्याकडे आहेत. वर नेटवर्कचा भरवसा नाही, त्यामुळे जीपेवर विसंबून राहू नका, थोडी रोख खिशात ठेवा.

गेटपासून कान्हेरी साधारण सहा-सात किलोमीटर. आतून मिनी बस जाते, ती भरली की सुटते, म्हणून रविवारी पटकन सुटते आणि बुधवारी बसून राहावं लागतं. भाड्याने सायकल पण मिळते, पण शेवटचा चढ दमवतो हे आधीच सांगून ठेवतो. चालायची सवय असेल तर जाताना बस आणि येताना चालत असं करा, उतार असतो आणि झाडं निवांत बघता येतात.

महिना कोणता? जुलै-ऑगस्ट, तेही दोन-तीन दिवस पाऊस पडून थोडा ओसरल्यावर. लोक म्हणतात डिसेंबरात जा, हवा छान असते, ते खरंय, पण तेव्हा कान्हेरी कोरडी असते आणि मग निम्मी गंमत गेली. मार्चच्या आसपास पळस-पांगारा फुललेला असतो, तेव्हा एकदा वेगळी चक्कर मारा. महाशिवरात्रीला मात्र जाऊ नका, त्या दिवशी वर जत्रा असते. कारवीची फुलं बघायची असतील तर हे झुडूप दर आठ वर्षांनी फुलतं, २०१६ ला फुलली, २०२४ ला फुलली, आता हिशोब तुम्हीच करा.

पायात ग्रिपवाले बूट हवेतच, पायऱ्या दगडात कोरलेल्या आहेत आणि पावसात त्यावर शेवाळ धरतं. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, हात मोकळे राहतात. खायचं सामान बॅगेत आत, चेन लावून, कारण तिथली माकडं प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज ओळखतात. आमच्या एका मावशींच्या हातातून अख्खं थालीपीठ गेलं आणि वर तो माकड कठड्यावर बसून दही कुठंय अशा नजरेने बघत होता.

आता लेणी. शंभराहून जास्त आहेत, सगळी बघायच्या भानगडीत पडू नका. इसवी सनाच्या आधीच्या पहिल्या शतकापासून पुढे हजार-एक वर्षं इथे भिक्षूंची वस्ती होती. कान्हेरी हे नाव कृष्णगिरीवरून आलं, म्हणजे काळा डोंगर. पहिलं लेणं अर्धवट आहे, लोक तिथे थांबतच नाहीत, पण थांबा, काम मध्येच सोडल्यामुळे खडक कसा फोडत नेला असेल याचा थोडा अंदाज येतो. तिसरं म्हणजे मोठं चैत्यगृह, म्हणजे आत स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन, कार्ला बघितलं असेल तर लगेच ओळखीचं वाटेल, सातवाहन काळातलं आहे. व्हरांड्यात दोन्ही टोकांना बुद्धाच्या जवळजवळ सात मीटर उंच मूर्ती आहेत, त्या नंतरच्या. खांब नीट बघा, काहींवर नक्षी आहे आणि बाकीचे साधेच सोडलेत.

इथून पुढे माझा रूट. पायऱ्यांनी वर चढत जा आणि लेण्यांच्या दाराशी बाजूला बघा, बहुतेक ठिकाणी खडकात चौकोनी तोंडाचं पाण्याचं टाकं दिसेल. गडावर असतं तेच. इथल्या शिलालेखांत त्याला पोढी म्हटलंय, आणि व्यापाऱ्यांनी लेण्यासोबत पोढी पण दान दिल्याचे उल्लेख आहेत, सोपारा-कल्याणची श्रीमंत मंडळी होती ती. पाऊस चालू असेल तर वरच्या खडकावर कोरलेल्या बारीक चरी शोधा, डोंगरावरचं पाणी त्यातून वळून टाक्यात उतरतं. मी पहिल्यांदा ते चालू पाण्यात बघितलं तेव्हा अर्धा तास तिथेच उभा होतो, बरोबरचे लोक पुढे निघून गेले. पावसाळा संपल्यावर पुढचे आठ महिने डोंगरावर राहायचं तर ही सोय हवीच ना.

११ नंबरचं दरबार लेणं चुकवू नका, आत जमिनीवर दगडाचे दोन लांबच लांब बुटके बाक आहेत, वेरूळलाही असं एक आहे. पाय राहिले असतील तर ९० नंबरला जा, तिथे पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेख आहेत, इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये आलेल्या पारशी पाहुण्यांनी आपली नावं कोरून ठेवलीयत. तुम्ही मात्र काही कोरू नका, हजार वर्षांनी कोणी कौतुक करणार नाही.

वर पठारावर पोचलात की चहूकडे जंगल आणि त्याच्या कडेला बिल्डिंगी. याच जंगलात विहार तलाव १८६० चा आणि तुळशी १८७९ चा, दोन्ही मुंबईच्या पाण्यासाठी बांधलेले आणि अजूनही पाणी देतायत. तलावाच्या वरची झाडं तोडली तर गाळ तलावात येणार, म्हणून भोवतालचं रान राखलं गेलं. आज पार्क सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. तलावांवर असंच जाता येत नाही, गार्डशी हुज्जत घालू नका. दहिसर नदी तुळशीकडून निघते, मिठी विहारकडून, म्हणजे खाली ज्याला आपण नाला म्हणून नाक दाबतो ती इथे स्वच्छ असते.

आणि हो, बिबट्या. आहेत, चांगले चाळीस-पन्नास आहेत, पण दिवसा दिसायची शक्यता फार कमी. वाट सोडून झाडीत शिरू नका, लहान मुलांना पुढे पळू देऊ नका, अंधार पडायच्या आत गेटकडे या. समोर आलाच तर पळू नका आणि खाली वाकू नका, उभं राहून हळूहळू मागे सरका. इथल्या पाड्यांवरचे वारली लोक वाघोबाला देव मानून पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या शेजारी राहतायत.

उतरताना पाड्यातल्या बायका काकडी, आवळे, कैऱ्या घेऊन बसलेल्या असतात, त्यांच्याकडून घ्या, तिखट-मीठ लावून देतात. फक्त खाताना मागे कठड्यावर कोण बसलंय ते बघून घ्या.