निकालाच्या दिवशी या चुका टाळा

निकालाच्या आधी वकील शिक्षेचा विषय काढतात तेव्हा घरचे म्हणतात, "अभद्र बोलू नका, सुटणारच आहे तो." मग दोषी ठरल्यावर हातात एकही कागद नसतो. सेशन कोर्टात आणि वॉरंट केसमध्ये (म्हणजे दोन वर्षांहून जास्त शिक्षेची तरतूद असलेल्या गुन्ह्याच्या खटल्यात) दोषी ठरवल्यावर न्यायाधीशांना शिक्षेच्या मुद्द्यावर आरोपीचं म्हणणं ऐकावंच लागतं. तिथे आरोपी हात जोडून "साहेब, लहान मुलं आहेत, दया करा" एवढंच म्हणतो. हे वाक्य न्यायाधीश रोज ऐकतात. वयाचा दाखला, नोकरीचं पत्र, आईच्या डायलिसिसची फाइल, जखमीला दिलेल्या भरपाईची पावती यांना वजन असतं. ते सगळं आदल्या दिवशीच वकिलांकडे द्या.

पहिलाच गुन्हा असेल आणि त्याला फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद नसेल, तर 1958 च्या प्रोबेशन कायद्याचा लाभ मागायला विसरू नका. चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सुटका होऊ शकते. आरोपी 21 वर्षांखालील असेल तर तुरुंगात का पाठवलं, याची कारणं कोर्टाला लिहावी लागतात. न मागताही मिळेल, या भरवशावर मात्र राहू नये.

दंडाकडे तर कुणी बघतच नाही. "दोन वर्षे कैद, पाच हजार दंड, न भरल्यास तीन महिने" असा आदेश झाला, तर हे तीन महिने दोन वर्षांत मुरत नाहीत, वर भोगावे लागतात. पैसे भरून टाका, पावती जपा.

निकालाची प्रत आरोपीला मोफत मिळते. ती तिथेच वाचा. खटल्याआधी आणि खटला चालू असताना कोठडीत काढलेले दिवस वजा धरलेत का? दोन कलमांखालच्या शिक्षा एकत्र भोगायच्या की एकामागून एक? आणि "जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं" हे डोक्यातून काढा. जन्मठेप मरेपर्यंत असते. सरकारने माफी दिली तरच आधी सुटका, आणि गुन्ह्याला फाशीचीही तरतूद असेल तर चौदा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय तीही नाही.

आरोपी जामिनावर असेल आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल, तर अपील करायचं आहे असं सांगून त्याच कोर्टात जामीन मागता येतो. जामीनदार सातबारा आणि आधार घेऊन सकाळीच हजर हवा; दुपारी फोनाफोनी सुरू केली तर ती रात्र आत जाते. अपिलाची मुदत सेशन कोर्टासाठी 30 दिवस, हायकोर्टासाठी 60. फाशीच्या शिक्षेत तिथेही 30 दिवसच.