मॅनिफोल्डचं पॅकिंग बदलताना : आवाज ओळखण्यापासून शेवटच्या नटापर्यंत

सकाळी थंड गाडी सुरू केली की बॉनेटखालून टिक-टिक येते आणि इंजिन तापलं की ती आपोआप थांबते. आपल्याकडे बहुतेक जण ‘टॅपेट (इंजिनच्या व्हॉल्व्हना ढकलणारे भाग) वाजतात’ म्हणून गाडी तशीच चालवतात. पण तापल्यावर थांबणारा हा आवाज बऱ्याचदा एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनमधला धूर गोळा करून पाइपात सोडणाऱ्या भागाच्या, पॅकिंगमधून निसटणाऱ्या धुराचा असतो. धातू तापून फुगतो, फट बुजते, आवाज बंद.

हे दुखणं अंगावर काढू नका. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. समोरच्या काचेखालच्या जाळीतून ब्लोअर बाहेरची हवा आत घेतो, तिच्यासोबत तोही केबिनमध्ये शिरू शकतो. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा आपण काचा लावून एसीत बसतो आणि मागे लेकरं झोपलेली असतात. प्रवासात सगळ्यांचंच डोकं दुखत असेल, मळमळत असेल, तर लगेच गाडी थांबवून सगळ्यांना मोकळ्या हवेत उतरवा. दुरुस्ती होईपर्यंत त्या गाडीत घरच्यांना बसवू नका.

गळती कोणत्या बाजूला?

इंजिनच्या हेडला, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणासारख्या भागाला, दोन मॅनिफोल्ड असतात. इनटेकमधून हवा आत जाते, एक्झॉस्टमधून धूर बाहेर पडतो. हेड आणि मॅनिफोल्ड यांच्यामधली फट बंद करणारं गॅस्केट म्हणजेच गॅरेजमधलं ‘पॅकिंग’.

इनटेकचं पॅकिंग गेलं तर इंजिन मोजणीबाहेरची हवा ओढतं. मग आयडलिंग (पायाने रेस न देता चालणारी इंजिनची गती) वर-खाली होतं, सुस्कारा ऐकू येतो, चेक इंजिनचा दिवा लागतो. स्कॅनर लावला तर पी ०१७१ हा कोड दिसू शकतो, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. मात्र धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या अलीकडे, म्हणजे इंजिनच्या बाजूला, एक्झॉस्ट गळत असेल तरीही हाच कोड येऊ शकतो, कारण बाहेरची हवा आत शिरून सेन्सरला फसवते. नुसत्या कोडवर पैसे घालू नका.

एक्झॉस्टच्या जोडावर काजळीचे काळे फराटे शोधा. थंड इंजिन सुरू करून लगेच जोडावर साबणाचं पाणी शिंपडलं तर गळतीच्या जागी बुडबुडे येतात. इनटेकच्या जोडावर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा, आवाज बदलला तर फट तिथंच आहे. वायरिंगच्या जोडांवर पाणी उडू देऊ नका. काही जण अगरबत्तीचा धूर धरून पाहतात. पेट्रोलच्या नळीजवळ निखारा नेऊ नका.

हात घालण्याआधी

टर्बो डिझेल असेल, सीएनजी किट असेल किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड डॅशबोर्डच्या बाजूला दडलेला असेल, तर हे काम गॅरेजचंच. काही नव्या इंजिनांत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला असतो, तिथं हे पॅकिंग नसतंच.

तालुक्याच्या दुकानात नेमकं पॅकिंग मिळेलच असं नाही. आरसी बुकवरचा चॅसिस नंबर सांगून ते आधी मागवा, नवे नटही घ्या, आणि सगळं हातात आल्यावरच गाडी खोला. काम सकाळी करा, गाडी रात्रभर उभी असावी. उन्हात उभ्या गाडीचं लोखंड दुपारी हात लावू देत नाही.

खोलणं

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. आदल्या संध्याकाळी स्टडना (हेडमध्ये बसवलेले, नट लागणारे आट्यांचे दांडे) गंज सोडवणारं तेल मारून ठेवलेलं असावं. पत्र्याचं उष्णताकवच काढा, ऑक्सिजन सेन्सरचा प्लग सोडवा, खालचा पाइप वेगळा करा. त्यासाठी गाडीखाली जायचं असेल तर स्टँड लावा, नुसत्या जॅकवर विसंबू नका.

खरी परीक्षा नटांची आहे. नट फिरत नसेल तर थोडा सैल, थोडा घट्ट असं मागे-पुढे करत सोडवा. पान्याला पाइप लावून झटका दिला की स्टड हेडमध्ये तुटतो, आणि मग खर्च कितीतरी पटींनी वाढतो. अजिबात हलत नसेल तर तिथंच थांबून मिस्त्रीला बोलवा. मॅनिफोल्डला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा डबा) जोडलेला असेल तर वजन बरंच असतं, धरायला सोबत माणूस हवा.

इनटेक काढायचा असेल तर आधी पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे नळीतला दाब उतरतो. हे बॅटरीची तार काढण्याआधी करायचं. प्रत्येक नळीचा फोटो काढून ठेवा.

साफसफाई आणि बसवणं

घाई नेमकी इथं होते आणि नवं पॅकिंग त्यामुळंच पुन्हा गळतं. हेडच्या छिद्रांत स्वच्छ कापड कोंबा. हेड ॲल्युमिनियमचं असेल तर लोखंडी पातं किंवा पॉलिश पेपर लावू नका, प्लास्टिकच्या पट्टीने हळूहळू खरवडा. मग मॅनिफोल्डच्या तोंडावर सरळ स्टीलपट्टी ठेवून फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांच्या मापाने) फट मोजा. गाडीच्या दुरुस्तीच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेपेक्षा जास्त वाकलेला मॅनिफोल्ड लेथवाल्याकडून सपाट करून घ्यावा लागतो. वाकलेल्यावर कितीही भारी पॅकिंग टिकत नाही. तापलेलं इंजिन नाल्याच्या पाण्यात घातलं की ओतीव लोखंड वाकतं किंवा तडकतं, म्हणून तडाही शोधा. पांदणीच्या धक्क्यांनी इंजिनचं माउंटिंग (इंजिन धरून ठेवणारं रबर) फाटलं असेल तर तेही बदला, नाहीतर सगळा हिसका याच जोडावर येतो.

कापड आठवणीने काढा. पॅकिंग कोरडंच बसवा. एक्झॉस्टला सिलिकॉनची पेस्ट लावू नका, ती जळते. जुनं पॅकिंग पुन्हा वापरायचं नाही.

सगळे नट आधी हातानेच बसवा. मग मधल्या नटापासून सुरू करून बाहेरच्या टोकांकडे, दोन-तीन फेऱ्यांत टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळा. किती आवळायचं ते मॅन्युअलमध्ये न्यूटन-मीटरमध्ये दिलेलं असतं. प्लास्टिकच्या इनटेकला जास्त जोर लावला तर तो तडकतो.

आता काढलेला फ्यूज आणि बॅटरी जोडा. गाडी गोठ्यात किंवा बंद शेडमध्ये नको, अंगणात सुरू करा. सुरुवातीला हातावरचं तेल जळून थोडा धूर येईल, तो थांबायला हवा. एक फेरी मारून या, रात्रभर थंड होऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी पहिल्याच स्टार्टला साबणाचं पाणी घेऊन प्रत्येक जोड पुन्हा तपासा.