हायड्रोजनवर गेलं की बर्नर 'फ्लेम फेल' दाखवून बंद पडतो: माझा अनुभव

पोस्टडॉकच्या कामासाठी शिरोली एमआयडीसीतल्या शेडमध्ये छोट्या बॉयलरवर एलपीजी आणि हायड्रोजन अशा दोन्ही इंधनांचा बर्नर चालवतो. एलपीजीवर सगळं सुरळीत. हायड्रोजनचं प्रमाण वाढवलं की आयनीकरण रॉडचा (ज्योतीतल्या आयनांमधून वाहणाऱ्या करंटवरून ज्योत ओळखणारी दांडी) करंट घसरतो, आणि शुद्ध हायड्रोजनवर ज्योत जळत असतानाच कंट्रोलर लॉकआउट घेतो, म्हणजे ज्योत विझली समजून बर्नर बंद करतो.

रॉड घासला, अर्थिंग तपासलं, केबल बदलली, कंट्रोलरही बदलला. फरक शून्य, वैताग भरपूर.

मूळ कारण रसायनात आहे. रॉडला लागणारे आयन मुख्यतः सीएच मूलकापासून (ज्योतीत क्षणभर टिकणारा कार्बन-हायड्रोजनचा तुकडा) तयार होतात. इंधनात कार्बनच नसेल तर करंट येणार कुठून? हायड्रोजनच्या ज्योतीतला ओएच मूलक (ऑक्सिजन-हायड्रोजनचा तुकडा) मात्र ३१० नॅनोमीटरच्या आसपास अतिनील प्रकाश देतो.

म्हणून, याच क्रमाने: गॅस बंद करून लाइन नायट्रोजनने पर्ज केली, म्हणजे आतला गॅस बाहेर ढकलला. रॉडऐवजी कंट्रोलरला चालणारा, ३१० नॅनोमीटर पकडणारा यूव्ही (अतिनील) सेन्सर लावला. डेटाशीटमध्ये हा पट्टा बघूनच घ्या. त्याचा रोख ज्योतीच्या मुळाशी ठेवला, कारण हायड्रोजन वेगाने जळतो आणि ज्योत बर्नरच्या तोंडाशी सरकते. भट्टी हवेने पर्ज केली. गॅस बंदच ठेवून नुसती ठिणगी पाडली. सिग्नल आला! ठिणगीतही अतिनील प्रकाश असतो. ठिणगीचा इलेक्ट्रोड सेन्सरच्या नजरेआड होईपर्यंत त्याचा कोन फिरवला. पुन्हा पर्ज, एलपीजीवर पेटवणं, मग हायड्रोजन हळूहळू वाढवणं.

शेवटी चालू ज्योतीवर गॅस व्हॉल्व्ह बंद करून लॉकआउट येतो का पाहिलं. आला. ही चाचणी अजिबात टाळू नका: हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के प्रमाणात पेट घेतो आणि दिवसाउजेडी त्याची ज्योत जवळपास दिसत नाही.