पायथॉनमध्ये लिस्टच्या आत लिस्ट असली की लूपात लूप टाकत बसू नका
आमच्या नाशिककडं द्राक्षाच्या क्रेटची वजनं कोणी [१२, [८, ५], [३, [४]]] अशी भरून पाठवतं, मग बेरजेला किती लूप लावायचे तेच कळत नाही.

एकच फंक्शन लिहा. पहिल्याच ओळीत थांबायची अट, लिस्ट रिकामी असली की ० परत द्या, ही आधी लिहाच. मग पहिला घटक बघा, आकडा असेल तर तोच घ्या, लिस्ट असेल तर ती याच फंक्शनला द्या, आणि उरलेली लिस्टपण यालाच देऊन दोन्हींची बेरीज करा. वरच्याचं उत्तर ३२ येतं, आत कितीही घड्या असोत कोड तोच.

फक्त एक लक्षात ठेवा, पायथॉनमध्ये रिकर्शनची, म्हणजे फंक्शननं स्वतःलाच एकात एक बोलवण्याची, मर्यादा मुळात १००० असते, त्यामुळं लांबलचक लिस्ट असेल तर घटकांवर साधा फॉर लूप फिरवा आणि आतली लिस्ट लागली तरच फंक्शनला परत बोलवा.