मेलबर्नमधलं पहिलं वर्ष आणि आपले सण

पहिल्या वर्षी तीनच सण करा. गणपती, दिवाळी आणि तुमच्या घरच्या कुळाचारातला कुठलाही एक, जो राहिला तर आईला खरोखर चुटपुट लागेल असा. बाकीचे पुढच्या वर्षी. मला हे अठरा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं नाही. मी नागपंचमीपासून सगळं रीतसर करायला घेतलं आणि दिवाळी येईपर्यंत इतकी दमले, की लक्ष्मीपूजनाला दुकानातलं फरसाण वाटीत ओतून ठेवलं.

दमायला होतं त्याचं एक कारण म्हणजे इथे ऋतू उलटे आहेत. आपले सण पाऊसपाणी आणि पिकांना बांधलेले. इथे श्रावण बोचऱ्या थंडीत येतो, गणपती वसंताच्या तोंडावर, दिवाळी उन्हाळ्याच्या उंबरठ्यावर, संक्रांत भर उन्हाळ्यात आणि पाडव्याला पानगळ सुरू झालेली असते. त्यामुळे सातारा किंवा नागपूर जसंच्या तसं उभं करायला गेलात तर प्रत्येक सणाला काहीतरी हुकल्यासारखंच वाटत राहील. कुठली गोष्ट कशासाठी करतात ते एकदा नीट आठवायचं, मग काय धरायचं आणि काय सोडायचं ते ठरवायला सोपं जातं.

आधी तिथीचा घोळ. भिंतीवर कालनिर्णय जरूर लावा, पण त्यातल्या वेळा भारतातल्या आहेत. तिथी जगभर एकाच क्षणी लागते आणि संपते, घड्याळं मात्र वेगळी. मेलबर्न भारताच्या साडेचार तास पुढे असतं. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत घड्याळं एक तास पुढे केलेली असतात, तेव्हा साडेपाच तास. म्हणजे भारतात सकाळी दहाला लागलेली चतुर्थी इथे दुपारी अडीचला लागते. गणपतीला मध्यान्हाची चतुर्थी धरतात, ती वेळ इथे टळून गेलेली असते, म्हणून कधीकधी आपला दिवस पुढे सरकतो. संकष्टीचा चंद्रोदय तर पूर्णपणे इथलाच बघायचा. मेलबर्नच्या वेळा देणारी पंचांगाची ॲप आहेत, त्यातलं एक फोनवर ठेवा. सासरी-माहेरी ‘आमचा उद्या आहे’ हे एकदा समजावून सांगा, नाहीतर दरवर्षी फोनवर तोच वाद.

‘जवळचा शनिवार धरू का?’ असं मला दर वर्षी कुणीतरी विचारतं. माझं मत असं, की पूजा तिथीलाच करावी, मग ती कामावर जाण्याआधी सकाळी सहाला उरकली तरी चालेल. जेवणावळ, आरत्या, लोक बोलावणं हे सगळं शनिवारी. देव थांबत नाही, पाहुणे थांबतात.

गणपतीची मूर्ती भारतातून आणायच्या भानगडीत पडू नका. इथले जैवसुरक्षेचे नियम फार कडक आहेत. माती, बिया, गवत, ताजी पानं-फुलं यांतलं काहीही संशयास्पद वाटलं तर विमानतळावर अडकतं. विमानात जे कार्ड भरून घेतात त्यावर खाण्याचा पदार्थ असेल तर ‘हो’ लिहायचं, चिमूटभर असला तरी. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतील. लपवलेली सापडली तर हजारो डॉलरचा दंड होऊ शकतो आणि तात्पुरत्या व्हिसावर असाल तर तो व्हिसाही जाऊ शकतो. पेढे, बर्फी, खवा असले दुधाचे पदार्थ भारतातून आणता येत नाहीत, कारण तिकडे गुरांमध्ये लाळ्या-खुरकूत आहे. आईने शपथ घालून दिलेला कंदी पेढ्यांचा डबा मी स्वतःच्या हाताने विमानतळावरच्या पिवळ्या पेटीत टाकलाय. डब्यासकट. तो डबा स्टीलचा होता, त्याचं वाईट अजून वाटतं. टपालाने येणाऱ्या पार्सललाही हेच नियम आहेत. शंका असेल तर सरकारची ‘बायकॉन’ नावाची यादी ऑनलाइन बघता येते.

तर मूर्ती. कुंभारकामाच्या सामानाच्या दुकानात टेराकोटाची माती पिशवीतून मिळते, तिचा गणपती घरी करा. सोंड आणि कान चिकटवताना दोन्हीकडे टोकदार काडीने रेघोट्या ओढून मातीचा पातळ चिखल लावायचा, नुसतं दाबून बसवलं तर वाळताना गळून पडतं. आणि मूर्ती हीटरजवळ वाळवू नका. आमच्या पहिल्या गणपतीच्या पोटाला आदल्या रात्री उभी भेग गेली. नवऱ्याने ती चिखलाने लिंपली आणि वरून उपरणं गुंडाळलं. न भाजलेली माती असल्याने विसर्जन घरीच बादलीत होतं. एक रात्र ठेवली की गाळ तळाशी बसतो, तो गुलाबाच्या झाडांना घालायचा. समुद्रावर किंवा खाडीत परवानगीशिवाय विसर्जन करू नका. प्लॅस्टर ऑफ पॅरिसची मूर्ती असेल तर ती पाण्यात विरघळतही नाही.

दूर्वांसाठी मात्र कुणी काकुळतीला येऊ नये. इथल्या लोकांच्या अंगणात ज्याला ‘कूच’ गवत म्हणतात तीच आपली हरळी. बारीक पान, पेराला फुटलेली तीन पात्यांची जुडी. तिच्यासारखंच दिसणारं ‘किकुयू’ नावाचं गवत आहे, ते जाड आणि लवदार असतं, ते नको. रस्त्याकडेच्या हिरवळीवर तणनाशक फवारलेलं असतं आणि कुत्रीही फिरवतात, म्हणून एखाद्या कुंडीत हरळी लावून टाका. एका उन्हाळ्यात कुंडी भरते.

आता मोदक. वर्षानुवर्षं तळणीचे केले कारण उकड जमायची नाही. दोष हाताचा नव्हता, पिठाचा होता. सामानाच्या दुकानात आपलं म्हणून मिळणारं तांदळाचं पीठ बहुतेक वेळा जुनं आणि रवाळ असतं, पारी चिरते. फुट्सक्रे किंवा स्प्रिंगवेलच्या व्हिएतनामी बाजारात थायलंडचं तांदळाचं पीठ मिळतं. ओल्या दळणाचं, पावडरीसारखं मऊ. त्यातली लाल अक्षरांची पिशवी साध्या तांदळाची, हिरव्या अक्षरांची चिकट तांदळाची. लाल घ्या. हिरवी घेतलीत तर मोदकपात्रातून मोदकांऐवजी खळ निघेल. पिठाइतकंच पाणी आणि वर दोन चमचे जास्त, त्यात मीठ, चमचाभर तूप. उकळी फुटली की पीठ घालून ढवळायचं, झाकण ठेवून दोन-तीन मिनिटं वाफ, मग हाताला सोसेल तितकं गरम असतानाच मळायचं. ते गार होऊ दिलं की कळ्या पडत नाहीत. सारणाला फ्रीझरमधला खवलेला नारळ चालतो, फक्त आधी पूर्ण सुटू द्या. डब्यातला कोरडा कीस नको, भुसा खाल्ल्यासारखं लागतं. केळीची पानंही त्याच बाजारात गोठवलेली मिळतात. अळूची पानंही तिथेच. गौरीच्या सोळा भाज्यांची बेरीज पुरी होत नसेल तर पडवळ, दोडका तिथे शोधा. लाल भोपळा इथे कुठेही मिळतो.

दसऱ्याला आपटा नाही. त्याच जातकुळीतली कांचनाची झाडं ब्रिस्बेनला रस्तोरस्ती आहेत, पण मेलबर्नला नाहीत म्हटलं तरी चालेल. आमच्याकडे मुलं निलगिरीची पानं सोनं म्हणून वाटतात. आजीला व्हिडिओवर दाखवलं तेव्हा ती म्हणाली, वास चांगला येत असेल. विषय मिटला.

कोजागिरीला दूध आटवायला घेण्याची घाई नको, सूर्य साडेसातच्या सुमाराला मावळतो. चंद्र दक्षिणेकडून नाही, उत्तरेकडून वर जातो आणि त्यावरचा ससा उलटा दिसतो. मुलांना हे आधी सांगू नका. त्यांना स्वतःला कळू द्या.

दिवाळीची सुट्टी नसते. रजा जुलैतच मागून ठेवा. लक्ष्मीपूजन आणि पाडवा असे दोन दिवस मिळाले तरी पुष्कळ. दिवाळी नोव्हेंबरात येणार असेल तर त्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी घोड्यांच्या शर्यतीची सुट्टी असते. मेलबर्न कप. अख्खं शहर शर्यत बघत असताना आपण चकल्या पाडायच्या. चकल्या आणि करंज्या घरात तळू नका. भाजणी भाजतानाच धुराचा गजर वाजतो. अपार्टमेंटमध्ये असाल तर सगळी इमारत खाली उतरते, अग्निशमन दल येतं आणि त्याचा खर्च तुमच्या माथी येऊ शकतो. अंगणात बार्बेक्यूच्या शेगडीवर कढई ठेवा. अंगण नसेल तर ज्यांना आहे त्यांच्याकडे चार घरांनी मिळून करा. फराळ एकट्याने करायचा प्रकार तसाही हल्लीचाच. सोऱ्या मात्र भारतातून येताना पितळी आणा, इथे मिळतो त्याची दांडी तिसऱ्या घाण्याला वाकते.

अभ्यंगस्नान पहाटे सहाच्या आत उरकतं, पण सूर्य मावळायला आठ वाजतात. पणत्या लखलखाटात लावून उपयोग नाही, पूजा उशिराच ठेवा आणि मुलांना दुपारी झोपवा. परवान्याशिवाय फटाके उडवणं व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे तिथे, बेकायदा आहे. शेजारच्या गल्लीत कुणीतरी उडवतं म्हणून तुम्ही उडवू नका. भाड्याच्या घरात असाल तर रांगोळीचा रंग फरशीत मुरतो आणि घर सोडताना बाँडमधून, म्हणजे घरमालकाच्या अनामत रकमेतून, कापतात, म्हणून दारात पाटावर किंवा मोठ्या ट्रेवर काढा. हळदी-कुंकवाचंही तेच. गालिच्यावर कुंकू सांडलं की ते घर सोडेपर्यंत तुमच्याबरोबर राहतं.

फराळ ऑफिसात किंवा बालवाडीत नेण्याआधी विचारा. शेंगदाणे, काजू आणि तीळ या तिन्हींची ॲलर्जी इथे फार गंभीरपणे घेतात, आणि ती असलेल्याच्या जिवावर बेतू शकतं. बऱ्याच बालवाड्यांत घरचा खाऊ वाटायलाच बंदी असते. शंकरपाळे सगळ्यात निर्धोक, तरी त्यात काय काय आहे ते डब्यावर लिहून चिकटवा.

संक्रांतीचं मला अजून हसू येतं. तीळ-गूळ उष्ण, थंडीत अंगात ऊब यावी म्हणून खायचा. इथे जानेवारीत पारा चाळिशीपार जातो आणि लाडू ताटात बसकण मारतात. उत्तरायण म्हणजे तिकडे दिवस मोठा व्हायला लागतो, इथे तो लहान होत चाललेला. माझी एक मैत्रीण म्हणते, आपण सहा महिन्यांनी जुलैत संक्रांत करायला हवी. पटतं, पण करत कुणी नाही. तिळाच्या लाडवांऐवजी पातळ वडी थापा, फ्रिजमध्ये ठेवा, आयत्या वेळी काढा. हळदी-कुंकवाला रथसप्तमीपर्यंत वेळ असतो, तेव्हा उन्हाची लाट असेल तर सरळ पुढे ढकला. वाण म्हणून मी दोनदा सनस्क्रीनच्या बाटल्या लुटल्या आहेत. नावं ठेवली गेली, पण वापरल्या सगळ्यांनी.

होळी मार्चात, म्हणजे वणव्यांच्या हंगामात. अंगणात लाकडं पेटवण्याआधी कौन्सिलचे नियम बघा, आणि ‘टोटल फायर बॅन’, म्हणजे उघड्यावर आग पेटवायला पूर्ण बंदी, जाहीर झालेल्या दिवशी तर विषयच नाही. आम्ही दिव्यासमोर नैवेद्य दाखवतो आणि बोंब मारतो. पुरणपोळी व्यवस्थित होते, हरभऱ्याची डाळ सगळीकडे मिळते.

पाडव्याला एकच गोष्ट नीट लक्षात ठेवा. इथल्या रस्त्यांच्या कडेला कडुनिंबासारखं दिसणारं एक झाड आहे, त्याला ‘व्हाइट सीडर’ म्हणतात. तो आपला बकाणा निंब. डहाळी गुढीला शोभून दिसते, पण त्याची पानं-फळं विषारी आहेत, फळं तर विशेष. कडुनिंबाची चटणी म्हणून त्याचं पान चुकूनही तोंडात घालू नका, मुलांना हात धुवायला लावा. खाण्यासाठी भारतीय दुकानातली वाळलेली कडुनिंबाची पानं घ्या.

आणि गुढी पक्की बांधा. आमच्या पॉइंट कुकला वारा असा सुटतो की कपडे दोरीवरून तिसऱ्या घरी जातात. दोन वर्षांपूर्वी गुढीचा तांब्या सुटून कुंपणापलीकडे शेजारच्या ग्रीक आजींच्या भाजीच्या वाफ्यात पडला. मी माफी मागायला जाणार तोवर त्याच आल्या, तांब्या दोन्ही हातांत धरून. आत त्यांच्या झाडाची अंजिरं काठोकाठ भरली होती. म्हणाल्या, भांडं रिकामं परत देत नसतात. तांब्याला पोचा आलाय, गुढीवर आता तोच असतो, तारेने आवळून.